एका कसोटीचा सलील अंकोला

काल मंचरला टेनिस बॉलच्या सामन्यात एक पोरगा झकास वेगात टाकत होता, पण प्रत्येक ओव्हरनंतर नडगी चोळायचा. मला भारताचा वेगवान बॉलर सलील अंकोला आठवला.

जन्म सोलापूरचा. महाराष्ट्राकडून पहिल्याच सामन्यात गुजरातविरुद्ध हॅटट्रिक! नोव्हेंबर १९८९, कराची: सचिन आणि वकार युनूसबरोबर त्याचंही कसोटी पदार्पण. तीच त्याची शेवटची कसोटी. वन-डे मात्र २० खेळला.

मग नडगीच्या हाडात गाठ निघाली आणि १९९७ मध्ये, २८व्या वर्षी, क्रिकेट सुटलं. पुढे मालिका, सिनेमे, नंतर निवड समिती. एवढ्या गुणाच्या बॉलरला एकच कसोटी, हे फारच कमी.

पोरांनो, नडगी सतत दुखत असेल तर बाम चोळत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.