मडके न वाजवता तडा शोधताना

मडके घेताना आपण ते वाजवून बघतो. अंतराळयानाच्या पंखाचे काय करायचे?

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतताना तुटले आणि कल्पना चावलासह सातही अंतराळवीर गेले. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा आदळून डाव्या पंखाची कार्बनची कडा फुटली होती. त्यानंतर नासा अशा कडा उष्णताचित्रणाने तपासू लागली.

फ्लॅशने पृष्ठभाग क्षणभर तापवायचा आणि तो निवताना इन्फ्रारेड कॅमेऱ्याने टिपायचा. आत थर सुटले असतील तर उष्णता तिथे अडते आणि वरचा भाग उशिरा निवतो. हा बारीक फरक संगणक प्रत्येक बिंदूच्या आलेखातून शोधतो. दोष दुप्पट खोल असेल तर दिसायला चौपट वेळ लागतो. म्हणून कॅमेरा लवकर थांबवलात, तर खोलवरचा दोष निसटतो.