धातुचूर्णाचे गुणधर्म आणि इंजेक्शन मोल्डिंगने बनविलेल्या भागांतील दोष

प्रस्तावना
पुणे जिल्ह्यातील वाहन उद्योगाला लहान व अचूक मापाचे धातूचे सुटे भाग मोठ्या संख्येने लागतात. धातुचूर्ण दाबून व भट्टीत भाजून असे भाग तयार करण्याची पद्धत पिंपरी परिसरात पूर्वीपासून रूढ आहे. गुंतागुंतीच्या आकारांसाठी १९७० च्या दशकात अमेरिकेत रेमंड वीच यांनी मेटल इंजेक्शन मोल्डिंग ही पद्धती विकसित केली. तीत बारीक धातुचूर्ण मेण व प्लास्टिकच्या बंधकात मिसळून ते मिश्रण साच्यात भरतात, नंतर बंधक काढून टाकतात व भाग भट्टीत सिंटर करतात. तयार भागातील दोषांचे खापर बहुधा साच्यावर वा भट्टीवर फोडले जाते. त्यांचे मूळ मात्र अनेकदा चूर्णातच असते. प्रस्तुत लेखात या संबंधाचे विवेचन केले आहे.

कणांचे आकारमान
या पद्धतीत साधारणतः २० मायक्रॉनपेक्षा लहान कण वापरतात. कण अतिसूक्ष्म असल्यास ते लवकर सिंटर होतात. परंतु त्यांच्या गुठळ्या होतात व मिश्रण एकजीव होत नाही. कणांमधील वाटा अरुंद असल्याने बंधक सावकाश बाहेर पडतो; तापमान घाईने वाढविल्यास फोड व तडे येतात. कण भरड असल्यास भागाची घनता कमी राहते व पृष्ठभाग खडबडीत होतो.

कणांचे रूप
वितळलेल्या धातूच्या धारेवर वायूचा झोत सोडल्यास गोल कण मिळतात. ते दाट बसतात व सहज वाहतात. मात्र बंधक निघाल्यावर त्यांची परस्परांत पकड नसल्याने भाग ढासळण्याचा संभव असतो. पाण्याच्या झोताने मिळणारे कण ओबडधोबड व स्वस्त असतात. ते आकार टिकवून धरतात, पण मिश्रण घट्ट होऊन साचा अपुरा भरला जातो. म्हणून काही वेळा दोन्हींचे मिश्रण वापरतात.

पृष्ठभाग व आर्द्रता
कणाचा व्यास दहापट कमी झाला की तितक्याच वजनाच्या चूर्णाचा पृष्ठभाग दहापट वाढतो. त्यामुळे ऑक्सिडीकरणाचा धोका वाढतो. भट्टीत ऑक्साइड व कार्बन यांच्या संयोगाने कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. पोलादातील कार्बन घटून काठिण्य कमी होते. वायू आत अडकल्यास पोकळ्या राहतात. मुळशी तालुक्यात, पिरंगुटपासून मालेपर्यंतच्या पट्ट्यात, पावसाळ्यात हवा अत्यंत दमट असते. अशा ठिकाणी चूर्णाचे डबे हवाबंद ठेवणे व ते कोरड्या खोलीतच उघडणे अगत्याचे ठरते.

आकुंचनाचे गणित
मिश्रणात चूर्णाचे प्रमाण घनफळाने ६० टक्के व अंतिम घनता ९७ टक्के असल्यास प्रत्येक मापात सुमारे १४.८ टक्के आकुंचन होते. हा हिशेब धरून २० मिलिमीटरच्या भागासाठी साच्याचे माप २३.४७ मिलिमीटर ठेवावे लागेल. चूर्णाचा नवा लॉट कमी दाट बसल्यामुळे हे प्रमाण ५९ टक्क्यांवर आले, तर त्याच साच्यातून निघालेला भाग सिंटर झाल्यावर १९.८९ मिलिमीटर भरेल. अनुमत फरक ±०.३ टक्के, म्हणजे ०.०६ मिलिमीटर असल्यास संपूर्ण लॉट बाद होईल. येथे साचा व यंत्र दोन्ही निर्दोष असतात, हे ध्यानात घेतले पाहिजे.

समारोप
भट्टीपूर्वी बाद झालेला भाग दळून पुन्हा वापरता येतो. भट्टीनंतर तो केवळ भंगार ठरतो. म्हणून चूर्णाच्या प्रत्येक लॉटची कणवितरण, ठोक-घनता, ऑक्सिजन व कार्बन यांसाठी आधीच तपासणी व्हावी. यांपैकी ठोक-घनतेची प्राथमिक चाचणी मोजपात्र, तराजू व ठोके देणारे साधे उपकरण एवढ्या साहित्यावर होते. ती महाविद्यालयीन प्रयोगशाळेत सहज करता येईल आणि परिसरातील लघुउद्योगांना तिचा प्रत्यक्ष उपयोग होईल.