आधी काय चढवायचं

गिरगावातली गल्ली. सकाळचे सात. मे महिन्याचा घाम आत्ताच सुरू झालाय. चौदा फुटी टेंपो चाळीच्या दाराशी उलटा लावलाय आणि ड्रायव्हर केबिनमध्ये पाय वर घेऊन झोपलाय. त्याचं बरोबर आहे. समोरची दुकानं उघडली, हातगाड्या लागल्या की एवढी गाडी आत घ्यायचं नाव नको.

चाळ पुनर्विकासाला गेलीय. पावसाच्या आत खोल्या रिकाम्या करायच्यात. रोज एक-दोन बिऱ्हाडं हलतात. आज दुसऱ्या मजल्यावरचं एक आणि मग तिसऱ्यावरचं.

जिना लाकडी, अंधारा, मधोमध झिजलेला. वरून ‘वाट, वाट!’ असा आवाज आला की चढणाऱ्यानं भिंतीला चिकटायचं. गादीची गुंडाळी डोक्यावर घेतलेला हमाल अंगावरून जातो. त्याचं तोंड दिसत नाही, पाय तेवढे दिसतात. ते न बघता पायरी ओळखतात.

गॅलरीत खोक्यांची रांग आहे. वाण्याकडून आणलेले तेलाचे, बिस्किटांचे, साबणाचे खोके. प्रत्येकावर मार्करनं आकडा आणि नाव. ‘७ स्वयंपाक, काच’. ‘१२ बाबांची औषधं, वर ठेवा’. ‘१९ वायरी’. ‘२६ काय माहीत’. रांगेच्या टोकाला काकू स्टुलावर बसल्यात, मांडीवर दोनशे पानी वही. खोका उचलला की वहीत बरोबरची खूण. खोके एकूण ४१. काही आकड्यांपुढे फुली दिसते. ती कशासाठी, हे मी विचारत नाही. काकूंना आत्ता प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

आत खोली दहा बाय बाराची. कोपऱ्यात मोरी, वर माळा. मुलगा माळ्यावर ओणवा होऊन एकेक वस्तू खाली देतोय. थर्माकोलचं मखर. पाळण्याच्या साखळ्या. तांब्याचा बंब. झाकणाविना तीन डबे, डब्यांविना पाच झाकणं. ‘हे कुणाचं?’ तो विचारतो. कुणीच बोलत नाही. शेवटी पितळेचं घंगाळ येतं आणि खाली उभे असलेले काका दोन्ही हात वर करतात. दाराबाहेर भंगारवाला तराजू घेऊन बसलाय. त्याची नजर घंगाळावर जाते, काकांची त्याच्या नजरेवर.

‘बंब द्या. घंगाळ चाललं,’ काकू वहीतून मान वर न काढता सांगतात.

चहा शेजारच्या खोलीतून येतो. इथली शेगडी खोक्यात गेलीय आणि सिलिंडर कालच एजन्सीत जमा झालाय. गाव बदललं की सिलिंडर, रेग्युलेटर परत करायचा, अनामत आणि कागद घ्यायचा, तो कागद दाखवून तिकडच्या एजन्सीत नवा घ्यायचा. तो कागद काकूंच्या पर्समध्ये आहे. पर्स खांद्यावरून उतरत नाही.

बिऱ्हाड कल्याणला चाललंय. बोरीबंदरहून रेल्वेनं साधारण ५४ किलोमीटर. बिल्डर भाडं देणार आहे, पण त्या भाड्यात गिरगावात जागा मिळत नाही. गॅलरीत पुरुषमंडळींची चर्चा नव्या घराच्या आकाराची. उपकरप्राप्त इमारतीत भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र द्यावं लागतं. त्याच्यावर किती पदरात पडेल, यावर चौघांची पाच मतं आहेत.

एवढ्यात गलका होतो. लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर अडकलंय.

‘आणलं तेव्हा कसं आणलं होतं?’ मुकादम विचारतो. पाटणकडचा माणूस, कमरेला गमछा. काकांना आठवत नाही. मुकादम कठड्यावरून खाली बघतो, वर बघतो. ‘दोरानं सोडू.’ कपाट पुन्हा वर येतं. आरशावर सतरंजी, कडांना गोधडी, दाराला सुतळीचे चार फेरे. दोन दोर खालून घेतले जातात. एक हमाल कठड्याच्या खांबाला दोराचा वेढा देतो आणि पाय रोवतो.

‘सोड... सोड... आरं, हळू! थांब. तुझ्या बाजूला जास्त झालंय. आता सोड.’

तिन्ही मजल्यांचे कठडे माणसांनी भरलेत. कपाट पहिल्या मजल्याशी येतं आणि तिथल्या वाळत घातलेल्या बनियनला अडकतं. ते घेऊनच खाली उतरतं. सगळी चाळ हसते. बनियनवाला सोडून.

आता खरा वाद. काकूंना स्वयंपाकाचे खोके आधी चढवायचेत, डोळ्यांसमोर. मुकादम ऐकत नाही.

‘मावशी, आधी चढतं ते शेवटी उतरतं. रात्री चहा प्यायचाय ना?’

काकू क्षणभर थांबतात. मग वहीचं पान उलटून नवा क्रम लिहितात. केबिनच्या बाजूला कपाट, दिवाण, फ्रिज. फ्रिज उभाच, आडवा केला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं. मधल्या फटींत गाद्या आणि उशा. मग फुलीचे खोके. स्वयंपाक फाळक्याशी, अगदी शेवटी.

फुल्यांचा अर्थ आता कळतो. कल्याणचा करार अकरा महिन्यांचा आहे आणि इमारत काही अकरा महिन्यांत उभी राहत नाही. म्हणजे पुन्हा हलणं आलंच. फुलीचे खोके तिकडे उघडायचेच नाहीत. मुकादमाला क्रम गाडीचा कळतो, काकूंना पुढच्या दोन-चार वर्षांचा.

देव गाडीत नाहीत. स्टीलच्या डब्यात, सोवळ्याच्या कापडात गुंडाळून ते काकूंच्या मांडीवर जाणार. हातात पाण्याचा तांब्या. नव्या उंबऱ्यातून आधी ते आत, मग माणसं.

दहा वाजतात. मुलगा मीटरच्या रीडिंगचा फोटो काढतो. दहा बाय बाराच्या खोलीतल्या सामानानं गाडी छतापर्यंत भरलीय आणि एक शिडी, दोन खुर्च्या अजून रस्त्यावर आहेत. हमाल त्या मागच्या बाजूला बाहेरून बांधतो. काकू केबिनमध्ये चढतात, वही उघडतात.

‘अहो, सव्वीस चढला का?’

सव्वीस म्हणजे ‘काय माहीत’. तो गॅलरीतच राहिलाय. मुलगा दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळतो. वरच्या मजल्यावर मुकादम दिसतो. त्यानं पुढचं काम धरलंय. तिसऱ्या मजल्याच्या दारात उभा राहून टेपनं फ्रिज मोजतोय आणि विचारतोय, ‘डबल डोअर आहे, हे कुणी सांगितलं नाय ते?’