संचित रजा आणि अभिवचन रजा : १९५९ च्या मुंबई नियमांतील एक अंतर्विरोध

कारागृहे, सुधारगृहे आणि बोर्स्टल संस्था हे विषय भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत चौथ्या नोंदीखाली येतात. दंडविधान आणि फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहेत. त्यामुळे गुन्हा कोणता व त्याला दंड किती, हे ठरविणारा कायदा देशभर बहुतांशी एक असला, तरी तो दंड भोगावयाचा कसा, ह्याविषयी प्रत्येक राज्याला आपली वाट आखता आली. जुन्या मुंबई प्रांताने ह्या अधिकाराचा उपयोग लवकर केला. १९२९ चा बोर्स्टल शाळांविषयीचा कायदा व १९३८ चा अपराधी-परिवीक्षा कायदा ही त्याची उदाहरणे होत. १८९४ च्या कारागृह अधिनियमाखाली १९५९ मध्ये मुंबई राज्याने बंद्यांच्या रजेविषयी केलेले नियम ह्याच परंपरेतले असून, १ मे १९६० नंतर ते महाराष्ट्र व गुजरात ह्या दोन्ही राज्यांकडे वारशाने आले.

ह्या नियमांनी रजेचे दोन प्रकार मानिले. पहिली संचित रजा, म्हणजे फर्लो. ठरावीक काळ शिक्षा भोगली आणि वर्तन चांगले ठेविले, की तिची पात्रता येते. तिच्यासाठी वेगळे कारण दाखवावे लागत नाही. मूळ नियमांत ती एका वेळी दोन आठवड्यांची होती. मुदत व पात्रतेच्या अटी पुढील दुरुस्त्यांनी बदलल्या. दुसरी अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल. आप्ताचे गंभीर आजारपण, मृत्यू, अथवा घर कोसळणे, पूर, आग ह्यांसारखी आपत्ती असे निमित्त घडल्याशिवाय ती मिळत नाही. दोहोंतील महत्त्वाचा भेद हिशेबाचा आहे. संचित रजेचे दिवस शिक्षेतच मोजले जातात. अभिवचन रजेचे दिवस मोजले जात नाहीत, ते पुढे भरून द्यावे लागतात. पहिली रजा ही शिक्षेचाच एक भाग आहे आणि दुसरी हा शिक्षेतील खंड आहे, अशी ह्यामागील कल्पना दिसते.

नियमांचा व्यवहार समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. चिपळूण तालुक्यातील अलोरे हे कुंभार्ली घाटाच्या पायथ्याकडील गाव. कोयना प्रकल्पाच्या वसाहतीमुळे ते परिचित झाले. तेथील एक इसम कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात दीर्घ मुदतीची शिक्षा भोगीत आहे असे समजा. तो संचित रजेसाठी अर्ज करतो. अर्ज कारागृहात होतो, तरी त्याचे भवितव्य बव्हंशी गावात ठरते. एक तर, त्याला घरी ठेवून घेण्यास तयार असलेला व जामीन राहणारा नातेवाईक असला पाहिजे. दुसरे म्हणजे, त्याच्या येण्याने सार्वजनिक शांततेस बाध येईल काय, ह्याविषयी स्थानिक पोलिसांचा अहवाल मागविला जातो. त्यानंतर मंजुरीचा निर्णय कारागृह खात्याचे वरिष्ठ अधिकारी घेतात.

दोन्ही अटी सकारण आहेत. रजेवरील बंदी परतला पाहिजे, आणि ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना भयमुक्त राहता आले पाहिजे. परंतु रजेचा हेतू काय, हे विचारले की अडचण दिसू लागते. २०२१ मध्ये गुजरातमधील एका प्रकरणात ह्याच नियमांचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कारावासाचा एकसुरीपणा मोडणे आणि कुटुंबाशी व समाजाशी बंद्याचा संबंध टिकविणे हा संचित रजेचा उद्देश होय. मात्र ती मिळणे हा निरपवाद हक्क नव्हे. १९५९ च्या नियमांतही असा कायदेशीर हक्क स्पष्टपणे नाकारलेला आहे. उद्देश संबंध टिकविण्याचा आणि अट संबंध आधीच टिकलेला असण्याची, असा हा अंतर्विरोध आहे. अलोरे येथील आपल्या इसमाचे आईवडील वारले असतील, भाऊ मुंबईस जाऊन दुरावले असतील, किंवा घरच्यांना जामिनाची रक्कम झेपत नसेल, तर ज्याला रजेची गरज सर्वांत अधिक तोच तिच्या बाहेर राहतो. चांगले वर्तन त्याच्या हाती आहे. जामीन राहणारा नातेवाईक त्याच्या हाती नाही.

अभिवचन रजेतही हाच प्रश्न निराळ्या रूपाने येतो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या महापुराने चिपळूण शहर बुडाले. अशा प्रसंगी नियमातील ‘पूर’ हा शब्द ह्या तालुक्यातील बंद्याला आधार देतो. परंतु पडताळणीचा कागद ज्या यंत्रणेने पाठवावयाचा, तीच त्या दिवसांत मदतकार्यात गुंतलेली असते.

हे नियम बदलता येत नाहीत असे मुळीच नाही. कोविडच्या साथीत, ८ मे २०२० च्या दुरुस्तीने राज्य शासनाने आकस्मिक अभिवचन रजेची तरतूद केली; सात वर्षांपर्यंतची शिक्षा असलेल्या बंद्यांच्या बाबतीत ४५ दिवसांच्या सुटकेचा निर्णय कारागृह अधीक्षकाकडे सोपविला. गर्दी कमी करण्यासाठी जे करता आले, ते पुनर्वसनासाठीही विचारात घेता येईल. नातेवाईक नसलेल्या बंद्यासाठी जातमुचलका, परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख अथवा मान्यताप्राप्त संस्थेची हमी हे पर्याय कल्पनेबाहेरचे नाहीत. २०२३ मध्ये केंद्राने आदर्श कारागृह व सुधारसेवा अधिनियमाचा मसुदा राज्यांपुढे ठेविला, त्यामुळे ह्या चर्चेस निमित्तही मिळाले आहे.

अभ्यासकाने ह्या विषयाकडे पाहताना, किती रजा मंजूर झाल्या एवढ्यावर थांबू नये. नामंजुरीच्या आदेशांत कोणते कारण लिहिले जाते, आणि त्यांपैकी किती कारणे बंद्याच्या वर्तनाची व किती त्याच्या दारिद्र्याची किंवा एकाकीपणाची आहेत, हे वेगळे काढून पाहिले पाहिजे. सुधारणेचा कायदा खरोखर कोणाला सुधारण्याची संधी देतो, हे त्या कारणांच्या रकान्यातूनच कळू शकेल.