नव्या कार्डाची भूक

घरातला कॉम्प्युटर म्हणजे मुलांची नाही तर ‘ह्यांची’ वस्तू, आपण बायकांनी फक्त वरची धूळ पुसायची, असं अजूनही बऱ्याच घरांत चालतं. तो बिघडला की दुकानदार सांगेल ते ऐकायचं आणि मागेल तेवढे पैसे मोजायचे. पण मैत्रिणींनो, मिक्सर का बंद पडला, फ्यूज का उडाला हे जिला कळतं, तिला हेही नक्की कळू शकतं.

आमच्या माकुणसारमधली एक मुलगी घरी बसून लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. पालघर, बोईसर, सफाळ्याचे फोटोग्राफर तिला काम देतात. काम वाढलं, तसा जुना कॉम्प्युटर रखडू लागला. म्हणून तिच्या आईने आमच्या बचत गटातून कर्ज काढून नवं ग्राफिक्स कार्ड घेऊन दिलं. हे कार्ड म्हणजे चित्रांचं, व्हिडिओचं जड काम अंगावर घेणारा भाग. ते बसवलं आणि दुसऱ्या दिवसापासून, व्हिडिओ तयार करायला लावला की कॉम्प्युटर खटकन बंद! दुकानदार म्हणाला, “मदरबोर्ड गेला, आठ-नऊ हजार लागतील.” लग्नसराई तोंडावर आलेली, दोन कामांचा ॲडव्हान्स घेतलेला. तिची आई मला विचारते, “ताई, अजून थोडं कर्ज मिळेल का हो?” गटाचे पैसे म्हणजे सगळ्या जणींच्या घामाचे. मी म्हटलं, आधी दुखणं कुठे आहे ते बघू या.

पहिला प्रश्न, बंद कधी पडतो? हलक्या कामाला नीट चालतो आणि जड कामाला एकदम बंद होतो, तर पहिला संशय वीजपुरवठ्यावर घ्यावा. निळा पडदा येतो किंवा पडदा काळा होऊनही पंखे फिरत राहतात, तर बऱ्याचदा ड्रायव्हरचा गोंधळ असतो. रंगीत ठिपके, रेघा दिसल्या तर कार्ड फार तापतंय किंवा कार्डातच दोष आहे. तिचं दुखणं पहिल्या प्रकारचं होतं.

मग आम्ही हिशोब मांडला. कार्ड ज्या खाचेत बसतं, ती खाच त्याला जास्तीत जास्त ७५ वॅट देते, म्हणजे एका साध्या छताच्या पंख्याइतकी वीज. तिचं कार्ड आरटीएक्स ३०६०. त्याची भूक १७० वॅट! उरलेली वीज एसएमपीएसकडून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याकडून, वेगळ्या वायरने यावी लागते. त्या डब्यावर ठळक अक्षरांत ४५० वॅट लिहिलेलं. पण खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रांगेत १८ अँपिअर. बारा गुणिले अठरा, झाले २१६ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर मुख्यतः याच रांगेवर जगतात. कार्डाचे १७० आणि प्रोसेसरचे ६५ मिळून २३५. ताटात २१६ आणि खाणारे २३५ चे! कार्ड बनवणारी कंपनीही या कार्डासाठी ५५० वॅटचा पुरवठा सुचवते.

चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस मागे सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी पैशांत आला. मदरबोर्ड तोच राहिला, लग्नांचे व्हिडिओ वेळेवर गेले आणि दुसऱ्या कर्जाची गरज पडली नाही.

प्रत्येक वेळी दोष एसएमपीएसचाच असेल असं नाही. जुन्या कार्डाचा ड्रायव्हर सेफ मोडमध्ये जाऊन पूर्ण काढावा आणि नवा कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घ्यावा. कार्ड खाचेत ‘टक्’ होईपर्यंत बसलंय का, वेगळी वायर लावली आहे का, मॉनिटरची केबल कार्डालाच जोडली आहे का, हे बघावं. तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते, पण वीज शेजारी बनते म्हणून आपल्या घरातला दाब स्थिर राहतोच असं नाही. त्यामुळे अर्थिंग तपासून घ्यावं. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो, हेही ध्यानात ठेवावं. आपल्याकडे केळव्याचा खारा वारा आणि पावसाळ्यातला दमटपणा, त्यामुळे पितळी-तांब्याच्या भांड्यांसारखे सुटे भागही काळवंडतात. कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नये, धूळ वेळच्या वेळी काढावी.

एका वेळी एकच बदल करावा आणि वहीत तारखेसह लिहून ठेवावा. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. हात लावण्याआधी बटण बंद करून प्लग काढावा. आणि एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडू नये, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते.

पुढच्या वेळी कोणी “बोर्ड गेला” म्हणालं, तर घाबरून पर्स उघडू नका. शांतपणे विचारा, “१२ व्होल्टवर अँपिअर किती आहेत हो?”