तापलेल्या यंत्राला वाट द्या

खेळांसाठी घेतलेला लॅपटॉप फार तापतो, ही तक्रार आता घरोघरी ऐकू येते. माझा भाचाही म्हणतो, "मामू, खेळ ऐन रंगात आला की हा अडखळतो." मंडळी, यंत्र त्या वेळी स्वतःला वाचवत असते. आतला प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसला पोचला, की आपणहून वेग कमी करतो.

ही उष्णता तांब्याच्या नळ्यांतून धातूच्या बारीक पट्ट्यांपर्यंत येते आणि पंखे ती बाहेर फेकतात. गार हवा बहुधा तळाच्या जाळीतून आत शिरते. लॅपटॉप गादीवर ठेवला, की ही वाटच बुजते. म्हणून तो टेबलावर ठेवावा आणि मागची बाजू बोटभर उचलावी. जाळीत साचलेली धूळ अधूनमधून, यंत्र बंद करून, काढून घ्यावी.

दुसरा उपाय फुकटचा आहे. स्क्रीन सेकंदाला ६० चित्रेच दाखवत असेल, तर खेळाला १२० चित्रे काढायला लावून काय मिळणार? सेटिंगमध्ये ६०ची मर्यादा घाला. चिप कमी राबेल, कमी तापेल.

मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असेल, तर पंखा तीच हवा ओढणार. तेव्हा खेळ रात्रीवर ढकलावा.

मात्र बॅटरी फुगून तळ किंवा टचपॅड वर आला, तर चार्जर काढा, वापर थांबवा. ती दाबू नका, टोचू नका. जाणत्या दुरुस्तीवाल्याला दाखवा. पै-पै साठवून घेतलेले यंत्र जपायचेच, पण ते मांडीवर घेऊन बसलेले पोर त्याहून आधी.