सरूच्या झाडांपासून नुसत्या रंगापर्यंत

आर्नोल्ड बोक्लिन या स्विस चित्रकाराच्या फ्लॉरेन्समधल्या स्टुडिओत १८८० साली मारी बेर्ना नावाची एक विधवा आली. तिथे एक चित्र अर्धवट होतं: पाण्यातून सरळ वर आलेले कडे आणि मधोमध काळेशार सरू. तिला अगदी असंच चित्र हवं होतं, बघता बघता मन हरवून जावं असं. तिच्या सांगण्यावरून बोक्लिनने होडीत पांढऱ्या वस्त्रातली आकृती आणि शवपेटी रंगवली. ‘मृतांचं बेट’ हे नाव मात्र त्याने दिलेलं नाही. ते पुढे फ्रिट्झ गुर्लिट या चित्रविक्रेत्याने दिलं. म्हणजे आधी आली ती उदासी, अर्थ मागाहून चिकटला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच्या चित्रांकडे वळून पाहताना मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो.

१८८६ साली बोक्लिनने या बेटाची पाचवी आवृत्ती रंगवली. त्याच वर्षी पॅरिसच्या ‘ल फिगारो’मध्ये कवी जाँ मोरेआसचा प्रतीकवादाचा जाहीरनामा छापून आला. आणि त्याच वर्षी क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, बावीस वर्षांच्या एडवर्ड मुंकने ‘आजारी मूल’ प्रदर्शनात मांडलं. लोक हसले, समीक्षकांनी झोडपलं.

या चित्रात उलगडून सांगावं असं प्रतीक जवळजवळ नाही. उशीला टेकलेली लाल केसांची मुलगी, शेजारी मान खाली घातलेली बाई, एवढंच. मुंकची बहीण सोफी १८७७ साली क्षयाने गेली. त्याआधी आईही त्याच रोगाने गेली होती. त्याने रंग लावला, खरवडला, पुन्हा लावला, पुन्हा खरवडला. ते ओरखडे आजही दिसतात. चित्रातलं दुःख मुलीच्या चेहऱ्यावर आहे, त्याहून जास्त त्या ओरखड्यांत आहे. पुढची चाळीस वर्षं तो या विषयाकडे परत येत राहिला आणि त्याने एकूण सहा चित्रं केली. ‘किंकाळी’ (१८९३) जगभर पोचली, पण माझ्या लेखी मुंकची खरी झेप इथेच आहे.

बोक्लिनचं बेट मात्र लोकप्रियतेने झिजलं. जर्मन चित्रकार माक्स क्लिंगरने १८९० मध्ये त्याचं एचिंग केलं आणि मग छापील प्रती जर्मन घराघरांत लागल्या. रशियन संगीतकार रखमानिनोफला तर १९०९ ची आपली संगीतरचना एका कृष्णधवल प्रतीवरून सुचली. १९३६ साली बेटाची तिसरी आवृत्ती हिटलरने विकत घेतली. पुढच्याच वर्षी मुंकची ८२ चित्रं ‘अधःपतित कला’ ठरवून जर्मन संग्रहालयांतून काढण्यात आली. सरू, होडी, शवपेटी ही प्रतीकं कुणालाही उचलता येतात. खरवडलेला रंग तसा उचलता येत नाही.

विसाव्या शतकात चित्रातून वस्तूच निघून गेल्या. अमेरिकन चित्रकार मार्क रॉथकोच्या ह्यूस्टनमधल्या चॅपेलमध्ये चौदा चित्रं आहेत, जवळजवळ नुसता अंधारलेला रंग. आपल्याकडे नागपुरात जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे याच वाटेवर स्वतःच्या पायांनी पोचले. रोलर आणि सुरीने ते रंगाचे थर चढवत, काढत. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पुरे होत. त्यांच्या चित्रांत लिपीसारख्या खुणा तरंगतात, आणि त्यांचा अर्थ लावायला गेलं की चित्र मिटतं. बोक्लिनपाशी मागाहून चिकटलेला अर्थ इथे चिकटूच दिला जात नाही, तरी समोर उभं राहिल्यावर मनावर तसाच अंमल चढतो. २००१ साली ते गेले. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं ते २०१४ मध्ये.

पुढच्या वेळी प्रदर्शनात जाल तेव्हा शेजारची पाटी आधी वाचू नका. चित्रापाशी थोडा वेळ द्या, रंग कुठे दाट आहे, कुठे खरवडलाय ते बघा. नाव नंतर वाचलं तरी चालतं.